साडेतीन मिलिमीटरची जखम

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात दंतवैद्यक शिकणारे ११ विद्यार्थी एका प्रयोगासाठी तयार झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या टाळूच्या कडक भागावर साडेतीन मिलिमीटर व्यासाची एक गोल जखम करण्यात आली. मग रोज त्या जखमेचा फोटो काढायचा आणि तिला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बघायचं. जखम उघडी असेपर्यंत पेरॉक्साइड फेसाळतं. वरचा थर पूर्ण जुळून आला की फेस येत नाही. ज्या दिवशी फेस थांबला, त्या दिवशी जखम भरली असं धरायचं.

सुट्टी संपली, वर्ग सुरू झाले. पहिल्या मोठ्या परीक्षेला तीन दिवस उरले असताना त्याच विद्यार्थ्यांच्या टाळूवर, दुसऱ्या बाजूला, तशीच जखम करण्यात आली. तोंड तेच, उपकरण तेच, व्यासही तोच. या वेळी मात्र जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले, म्हणजे ४० टक्के अधिक वेळ. अकरा जणांपैकी एकाचीही जखम परीक्षेच्या दिवसांत सुट्टीतल्या वेगानं भरली नाही. मानसशास्त्रज्ञ जॅनिस किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला.

परीक्षा ही वेळापत्रकावरची एक तारीख. तिला वजन नाही, तापमान नाही, ती जंतूंसारखी रक्तात शिरत नाही. ती असते फक्त विद्यार्थ्याच्या मनात. तरीही टाळूवरच्या त्या इवल्याशा जागेतल्या पेशींपर्यंत ती पोचली आणि त्यांचं काम रेंगाळलं. मनातली चिंता पेशीपर्यंत कशी पोचते, याचा उलगडा गेल्या शंभरेक वर्षांत टप्प्याटप्प्यानं होत गेला आहे. जितकं खोलात जावं तितकं थक्क करणारं असं हे प्रकरण आहे.

आधी जखमेत काय घडतं ते जवळून पाहू. कातडी कापली की काही सेकंदांत तुटलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि प्लेटलेट गोळा होऊन रक्त गोठायला लागतं. त्वचेत कायम मुक्कामाला असलेल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात. त्यामुळे आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती थोड्या सैल होतात आणि आतला द्रव बाहेर झिरपतो. जागा लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्ससनं दाहाची म्हणून नोंदवलेली चार लक्षणं ती हीच. आपल्याला हा त्रास वाटतो, पण दुरुस्तीचं काम सुरू झाल्याची ती खूण असते.

जखमेजवळच्या पेशी आता इंटरल्युकिन-१ सारखी रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे शेजारच्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटपणा येतो. सूक्ष्मदर्शकाखाली पुढचं दृश्य पाहिलं तर नजर हटत नाही. रक्ताबरोबर वेगानं वाहत चाललेली न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी भिंतीला हलकेच अडकते, तिच्यावरून घरंगळू लागते, मंदावते, थांबते. मग चपटी होऊन, अस्तरातल्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून ती बाहेर पडते आणि रसायनाचं प्रमाण जिकडे वाढत जातं त्या दिशेनं सरपटत निघते. जखमेत पोचल्यावर जंतू गिळते आणि एक-दोन दिवसांत मरून जाते. पू म्हणजे मुख्यतः याच मेलेल्या पेशी. निरोगी माणसाची अस्थिमज्जा अशा सुमारे १०० अब्ज पेशी रोज घडवते, आणि त्या माणसाला त्याची वार्ताही नसते.

न्यूट्रोफिलच्या मागोमाग मॅक्रोफेज येतात. या पेशी मेलेल्या न्यूट्रोफिल खाऊन जागा साफ करतात आणि साफ करता करता स्वतःच पालटतात. दाह भडकवणारी रसायनं सोडणं थांबवून वाढीची रसायनं सोडू लागतात. नव्या केशवाहिन्या फुटतात, कोलॅजनचे धागे विणले जातात, आणि कडेच्या त्वचेच्या पेशी मध्याकडे सरकत सरकत एकमेकींना येऊन भिडतात. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यावर उभा असतो. पहिला दाहच नीट पेटला नाही, तर पुढचं सगळं लांबणीवर पडतं. परीक्षेच्या काळात त्या विद्यार्थ्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये इंटरल्युकिन-१ बनवण्याचा जनुकीय संदेश ६८ टक्क्यांनी घटलेला आढळला.

तो घटवला कोणी? या प्रश्नाचा पहिला धागा १९३६ सालचा आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये हा तरुण संशोधक उंदरांना ग्रंथींचे अर्क टोचत होता. नवं संप्रेरक सापडेल अशी त्याला आशा होती. पण कुठलाही अर्क टोचला तरी उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल दिसायचे. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी सुकलेली आणि पोटात व्रण. मग त्यानं अर्क बाजूला ठेवून उंदरांना थंडीत ठेवलं, थकेपर्यंत पळवलं. बदल तेच. संकट कुठलंही असो, शरीर त्याला एका ठरावीक पद्धतीनं सामोरं जातं, हे त्यातून पुढे आलं. थायमस सुकण्याचा अर्थ मात्र तेव्हा कोणालाच लागला नव्हता, कारण थायमस नेमकं काय करते हेच ठाऊक नव्हतं. प्रतिकाराचा कणा असलेल्या पेशी तिथे तयार होतात, हे जॅक मिलर यांनी १९६१ साली दाखवलं. म्हणजे सेल्येनं ताणाचा आणि प्रतिकारशक्तीचा संबंध डोळ्यांनी पाहिला होता, पण तो वाचता येण्यासाठी आणखी पंचवीस वर्षं जावी लागली.

दुसरा धागा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधला. फिलिप हेंच हे तिथले संधिवाताचे डॉक्टर. १९२९ साली त्यांच्या लक्षात आलं की कावीळ झालेल्या एका रुग्णाचे दुखरे सांधे एकाएकी मोकळे झाले. गर्भारपणातही काही स्त्रियांचा संधिवात ओसरताना त्यांनी पाहिला. दाह शमवणारं काहीतरी शरीर स्वतःच बनवत असणार, असा त्यांचा कयास होता. सप्टेंबर १९४८ मध्ये, जेमतेम चालू शकणाऱ्या एका तरुण स्त्रीला त्यांनी अधिवृक्क ग्रंथीतलं एक द्रव्य टोचायला सुरुवात केली. काही दिवसांतच तिचं अंग मोकळं झालं, आणि आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला जाऊन आली. त्या द्रव्याला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळालं आणि १९५० सालचं नोबेल पारितोषिक हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळालं.

कॉर्टिसोनचं शरीरातलं सक्रिय रूप म्हणजे कॉर्टिसोल. आपण धास्तावलो की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून निघालेला संदेश पीयूषिका ग्रंथीकडे आणि तिथून अधिवृक्क ग्रंथीकडे जातो, आणि काही मिनिटांत रक्तातलं कॉर्टिसोल वाढतं. या रेणूला पेशीचं आवरण अडवत नाही. तो सरळ आत शिरतो, आत वाट पाहत असलेल्या ग्राहक प्रथिनाला जोडला जातो, आणि ती जोडी पेशीकेंद्रात जाऊन इंटरल्युकिन-१ सारख्या रसायनांची जनुकं मंद करते. विद्यार्थ्याच्या मनातली परीक्षेची तारीख टाळूवरच्या जखमेपर्यंत पोचते, तिची ही एक प्रमुख वाट.

पण शरीर असा उलटा कारभार का करतं? संकटाच्या वेळीच तर जखमा होतात. याचं उत्तर वेळेत दडलेलं आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फिरदौस धाभर आणि ब्रूस मॅकईवन यांनी १९९० च्या दशकात दाखवलं की तास-दोन तासांच्या ताणानं उंदरांच्या त्वचेतली प्रतिकाराची क्रिया उलट जोमदार होते. धोका दिसताच अ‍ॅड्रेनलिनमुळे प्लीहा आणि इतर ठिकाणच्या पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात आणि त्वचेसारख्या, जखम होण्याचा संभव असलेल्या जागांकडे वळतात. त्यानंतर वाढलेलं कॉर्टिसोल या तयारीला आवर घालतं, दाह हाताबाहेर जाऊ देत नाही. वाघ समोर आला, पळापळ झाली, ओरखडा उठला, आणि मग शांतता. अशा थोडक्यात संपणाऱ्या संकटासाठी ही व्यवस्था बिनतोड आहे. न संपणाऱ्या संकटात मात्र ती घसरते.

न संपणारं संकट म्हणजे काय, हे किकोल्ट-ग्लेसर आणि त्यांचे पती, विषाणूशास्त्रज्ञ रोनाल्ड ग्लेसर, यांनी परीक्षेच्या प्रयोगाआधीच शोधलं होतं. स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची घरी सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया त्यांनी निवडल्या आणि तुलनेसाठी त्याच वयाच्या, तशाच उत्पन्नाच्या १३ स्त्रिया घेतल्या. सगळ्यांच्या हातावर तीच साडेतीन मिलिमीटरची जखम. सेवेचा भार नसलेल्या स्त्रियांची जखम सरासरी ३९ दिवसांत भरली. सेवा करणाऱ्यांची भरायला जवळपास ४९ दिवस लागले. पंधरा-वीस मिनिटांपूर्वी जेवण झालेलं असताना ‘मला कोणी जेवायला देत नाही’ म्हणणारा नवरा, रात्री तीनला उठून दाराची कडी काढणारी आई, आपल्यालाच न ओळखणारं माणूस. या सगळ्याचा हिशेब त्या दहा दिवसांत नोंदला गेला होता. तेव्हा गट लहान होते. पण ताण आणि जखमा यांवर पुढे झालेल्या अभ्यासांचा एकत्रित कल याच बाजूचा आहे.

इथवर वाटेल की ताणानं प्रतिकारशक्ती ‘कमी’ होते, एवढंच. पण २००३ साली याच संशोधकांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या जोडीदारांचं रक्त सहा वर्षं तपासून वेगळंच काही मांडलं. त्यांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ हे दाहाचं रसायन इतरांपेक्षा सुमारे चौपट वेगानं वाढत होतं. जोडीदाराच्या मृत्यूनंतरही काही वर्षं ही वाढ थांबली नाही. जखमेत दाह कमी पडतो, आणि रक्तात जास्त होतो, हे कसं?

२००५ साली ४२ जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. हातावर छोटे फोड उठवून त्यांची जखम तपासत असताना जोडप्यांना एकदा एकमेकांना आधार देणाऱ्या गप्पा मारायला सांगितलं, आणि दुसऱ्या खेपेला मतभेदाच्या विषयावर बोलायला सांगितलं. मतभेदानंतर जखमा सावकाश भरल्या. सतत कडवटपणे वागणाऱ्या जोडप्यांच्या जखमा तर इतरांच्या ६० टक्के वेगानंच भरत होत्या. मतभेदानंतर जखमेच्या जागी दाहाची रसायनं घटलेली होती. आणि त्याच कडवट जोडप्यांच्या रक्तात दुसऱ्या दिवशी सकाळी ती जास्त वाढलेली होती. जिथे हवा तिथे दाह नाही, जिथे नको तिथे आहे. या सगळ्या विषयाचं मर्म मला इथे दिसतं. दीर्घ ताण प्रतिकारशक्ती केवळ खाली ओढत नाही, तिचं स्थळकाळाचं भान बिघडवतो.

असं का होतं, याचा एक धागा साध्या सर्दीत सापडला. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीजवळच्या सर्दी संशोधन केंद्रात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालण्यात आले. पाच विषाणूंमध्ये एक जुना, सौम्य कोरोना विषाणूही होता. मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, कमीत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, सर्वाधिक ताण असलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्क्यांपर्यंत गेलं. गंमत अशी की वाहतं नाक, चोंदलेपण, घशाची खवखव, ही बहुतांशी विषाणूची करामत नसते. तो आपल्याच शरीराचा दाह असतो. प्रतिकार नुसता दुबळा झाला असता तर सर्दीची लक्षणंही कमी व्हायला हवी होती.

२०१२ साली कोहेन यांनीच या कोड्याची एक उकल दिली. दीर्घ ताणाखाली असलेल्या माणसांच्या प्रतिकार पेशी कॉर्टिसोलला जुमानेनाशा होतात. दारावरची घंटा दिवसभर वाजत राहिली तर घरातली माणसं तिच्याकडे लक्ष देणं सोडतात, तसंच काहीसं. कॉर्टिसोल रक्तात असतं, पण ‘आता पुरे’ हा त्याचा निरोप पेशी ऐकत नाहीत आणि पेटलेला दाह वेळेत विझत नाही. अशा माणसांना सर्दी होण्याचं प्रमाण अधिक होतं.

न विझलेला बारीक दाह वर्षानुवर्षं काय करतो, हे हृदयविकारात दिसतं. २०१७ साली दहा हजारांहून अधिक रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीत, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तातलं सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन वाढलेल्या लोकांना इंटरल्युकिन-१ चा एक प्रकार निष्प्रभ करणारं औषध दिलं गेलं. कोलेस्टेरॉल घटलं नाही, तरी पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र जीवघेण्या जंतुसंसर्गाचं प्रमाण थोडं वाढलं. टाळूवरची जखम भरायला जे रसायन हवं, तेच धमनीच्या भिंतीत घातक ठरतं. रेणू चांगला किंवा वाईट नसतो. तो कुठे आहे आणि किती वेळ आहे, यावर सारं ठरतं.

हे महाराष्ट्रानं कोविडच्या साथीत सोसलं आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसोलचाच कृत्रिम भाऊबंद, व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटवतं. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं अनेकांचे डोळे आणि जबडे हिरावले, तेव्हा आटोक्यात नसलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची मोठी कारणं होती. योग्य वेळी प्राण वाचवणारं द्रव्य अवेळी दिलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. म्हणूनच ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगत विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा आणि काढ्यांचा दावा मला मुळातच चुकीचा वाटतो. संधिवात, दमा, सोरायसिस हे प्रतिकार कमी पडल्याचे आजार नाहीत. तो नको तिथे पेटल्याचे आहेत. आपल्याला हवा असतो तो वेळेवर पेटणारा आणि वेळेवर विझणारा प्रतिकार.

मेंदू आणि प्रतिकार यांच्यातल्या या संवादाला दुसरी बाजूही आहे. शरीरात दाह उठला की इंटरल्युकिनांचा निरोप मेंदूला पोचतो. मग ताप येतो, भूक मरते, कशात रस वाटत नाही, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. हा आळस नव्हे; सगळी ऊर्जा लढाईकडे वळवण्यासाठी मेंदूनं घेतलेला तो निर्णय असतो. हेपेटायटिस-सी साठी पूर्वी इंटरफेरॉन हे प्रतिकाराचंच रसायन औषध म्हणून देत, तेव्हा अनेक रुग्णांना खरंखुरं नैराश्य यायचं. मेंदू केवळ निरोप घेत नाही, पाठवतोही. केविन ट्रेसी यांनी २००० साली दाखवलं की मेंदूपासून छाती-पोटापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस नसेला विजेचा सौम्य झटका दिला की उंदरांमधला जीवघेणा दाह आवरतो. त्यातूनच मानेत बसवण्याचं एक छोटं यंत्र विकसित झालं, आणि २०२५ साली अमेरिकेत संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली.

इतकं सगळं जाणल्यावर एक सावधगिरी हवीच. प्रत्येक दुखण्याचं खापर ताणावर फोडता येत नाही. पोटातला अल्सर हा चिंतेचाच आजार, असं कित्येक दशकं मानलं जात होतं. १९८४ साली बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर हे जिवाणू स्वतः पिऊन पोटाचा दाह ओढवून घेतला, आणि पुढे अल्सरवर प्रतिजैविकांचे उपचार आले. आजारी माणसाला ‘तू फार विचार करतोस म्हणून हे झालं’ असं सांगणं शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही.

करण्यासारखं जे आहे, ते मात्र मोजून पाहिलेलं आहे. कोहेन यांच्याच एका अभ्यासात जोडीदार, मित्र, शेजारी, सहकारी अशी सहा किंवा अधिक प्रकारची नाती जपणाऱ्यांपेक्षा तीन किंवा कमी प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून अधिक निघाला. २०१५ च्या अभ्यासात सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांचीही, सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या तुलनेत, तीच गत दिसली. झोप आणि माणसं, दोन्ही गोष्टी सेवा करणाऱ्यांच्या आयुष्यातून सगळ्यात आधी निघून जातात.

आपल्याकडे घरोघरी अशी एखादी सून, मुलगी, बायको किंवा नवरा असतो, ज्यांच्या सेवेचं कौतुक सगळे करतात आणि ज्यांच्या झोपेची चौकशी कोणी करत नाही. त्या माणसाला आठवड्यातून दोन रात्री सलग झोपू द्यायला कोणी घरात थांबलं, तर ते नुसते उपकार नाहीत, उपचार आहेत. रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सोबत आलेल्या माणसाला ‘तुम्ही स्वतः किती झोपता?’ असं विचारून ते कागदावर लिहून ठेवावं, आणि बाकीच्या भावंडांनी तो कागद वाचून आपापल्या रात्री वाटून घ्याव्यात.